संप्रेरकांवरचा जुना आळ

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली आणि पाळी जाण्याच्या काळात घ्यायच्या संप्रेरकांवर कॅन्सरचा आळ आला. तो अजून पुरता पुसलेला नाही. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हे त्या संशोधनाचं नाव. गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रिया त्यात होत्या. साधारण निम्म्यांना गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन यांची एकत्र गोळी दिली, बाकीच्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण २६ टक्क्यांनी वाढलं, ही बातमी जगभर पोचली. डॉक्टर गोळी लिहून देईनासे झाले आणि बायकांनी चालू गोळ्या बंद केल्या.

हे २६ टक्के खोटे नाहीत, पण ते कशाचे, हे विचारायला हवं होतं. औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. पक्षाघात आणि फुप्फुसात गुठळी यांचेही आठ-आठ रुग्ण वाढले. याच गटात खुब्याची हाडं मोडण्याचे प्रसंग पाचाने कमी झाले. ते मथळ्यात आलं नाही. आठ जणी ही काही सोडून द्यायची संख्या नव्हे. मात्र भीती २६ची बसली, आठाची नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. उतारवयात संप्रेरकं दिली तर हृदयविकार टळतो का, हे त्या चाचणीला पाहायचं होतं. टळत नाही, असं तिनं सांगितलं आणि ते बरोबरच आहे. पण तेच उत्तर पुढे वीस वर्षं भलत्याच बाईला दिलं गेलं: रात्रीतून चारदा घामानं भिजून उठणाऱ्या, झोपेअभावी कामावर चुका करणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला. तिनं हा प्रश्न विचारलेलाच नव्हता.

शिवाय त्या संशोधनाचा दुसरा भाग कोणी फारसा वाचलाच नाही. पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना फक्त इस्ट्रोजेन किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. पक्षाघात वाढल्यामुळे तो भागही २००४ मध्ये थांबवला. स्तनाचा कॅन्सर मात्र तिथे वाढला नव्हता. २०२० मध्ये दीर्घकाळच्या पाठपुराव्याचे आकडे आले, तेव्हा इस्ट्रोजेन घेतलेल्या गटात तो कमीच आढळला. तरीही सरसकट ‘हॉर्मोन्स वाईट’ असं म्हणत राहणं म्हणजे एकाच्या चोरीसाठी अख्ख्या गावाला दंड करणं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा घरातला असतो: आमच्या आयांनी, आज्यांनी कुठे गोळ्या घेतल्या? नाही घेतल्या. पण आजीच्या पाठीला आलेला बाक, वारंवार होणारी लघवीची जळजळ, नवऱ्याजवळ जायची वाटणारी धास्ती या गोष्टी त्या काळातही होत्याच. त्या बोलल्या जात नव्हत्या, एवढंच. ज्यांना काहीच त्रास होत नाही अशाही पुष्कळ स्त्रिया असतात. त्यांना औषधाची गरज नाही आणि ते त्यांच्या गळ्यात मारायचं कारणही नाही.

तिसरा मुद्दा शतावरी आणि सोयाबीनचा. ‘घेतलं आणि अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा थांबल्या’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. चाचण्यांमध्ये औषध नसलेल्या गोळीनंही वाफांचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, असं वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात दिसलं आहे. म्हणूनच त्या गोळीशी तुलना केल्याशिवाय कुठल्याही उपायाची किंमत ठरत नाही. या कसोटीवर संप्रेरकांनी वाफा आणखी सुमारे ७५ टक्क्यांनी कमी केल्या. सोयाबीनचे निष्कर्ष मात्र कधी इकडे, कधी तिकडे.

संप्रेरकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही पूर्वी कमी पाप केलेलं नाही. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरनं ‘फेमिनिन फॉरएव्हर’ लिहून पाळी जाणं हा आजार ठरवला आणि इस्ट्रोजेनवर चिरतारुण्य विकायला काढलं. १९७५ मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढल्याचं पुढे आलं. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यायचं, हा नियम झाला. आजही सुरकुत्यांसाठी किंवा वजन उतरवण्यासाठी कोणी संप्रेरकं सुचवत असेल, तर ती विल्सनचीच दुकानदारी.

मग द्यायचं कोणाला? वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली, त्रास खरोखर होणारी, आणि स्तनाचा कॅन्सर, गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव नसलेली स्त्री. अशा स्त्रीला फायदा धोक्याहून जास्त, असं उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संस्थेनं २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं. धोका शून्य नाही. ५० व्या वर्षापासून पाच वर्षं रोज दोन्ही संप्रेरकं घेतली, तर पुढच्या काळात पन्नासात एखादीला जास्तीचा स्तनाचा कॅन्सर होतो, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१९ चा हिशेब आहे. तो बाईसमोर मांडावा आणि निर्णय तिला घेऊ द्यावा. त्वचेवर लावायच्या जेलनं किंवा पट्टीनं गुठळ्यांचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. फक्त योनीचा कोरडेपणा असेल तर तिथे लावायची क्रीम पुरते आणि तिच्यातलं इस्ट्रोजेन रक्तात नगण्य उतरतं. संप्रेरकं चालतच नाहीत अशांसाठी फेझोलिनेटंट हे वेगळ्या वाटेचं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

महाराष्ट्रात या वादाची सर्वांत मोठी किंमत मोजणारी बाई वादात कुठेच नसते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींनी चाळिशीही पाहिली नव्हती. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, हे त्यामागचं एक कारण. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, तीही ऐन तिशीत. हाडं आणि हृदय या दोहोंचं त्यात नुकसान होतं. अडचण नसेल तर अशा स्त्रीला पाळी एरवी जायच्या वयापर्यंत संप्रेरकं द्यावीत, याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसं दुमत नाही. तिला गर्भाशय नसल्यामुळे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, म्हणजे २००२ मध्ये बदनाम झालेली गोळी तिची नव्हेच. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना लागू करा, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं. आधीच झालेल्या शस्त्रक्रियांचं काय, हे आरोग्य खात्यानं पाहायचं आहे. सुरुवात साधी आहे: घरी जाताना दिलेल्या कागदावर अंडाशय ठेवलं की काढलं, हे तिला वाचता येईल अशा मराठीत लिहिणं.