परीक्षा वाहनाची की वाचनाची?



माझी शाळा तिसरीत सुटली. पुढं तासगाव भागातल्या द्राक्षबागांत विरळणी-काढणी करण्यात पस्तीस वर्षं गेली. संघटनेच्या कामाला वाडी-वस्तीवर जायचं तर एसटीच्या वेळा सांभाळायच्या, नाहीतर कुणा बाप्याच्या गाडीवर मागं बसायचं. म्हणून पन्नाशीत ठरवलं, गाडी शिकायची आणि लायसन काढूनच चालवायची.

भाचीनं वाहतुकीचे नियम आणि प्रश्नोत्तरं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर भरून दिली. महिनाभर विरळणी करताना मी ती ऐकली. शेजारच्या ओळीतल्या बायाही ऐकायच्या आणि मला प्रश्न टाकायच्या. गोल पाटी? हुकूम. तिकोनी? पुढं धोका. निळी चौकोनी? माहिती, म्हणजे दवाखाना, पेट्रोल पंप. आठ कोनांची? थांबा. फाटकावर माणूस नसेल तर? गाडी थांबवायची, उतरून रूळ बघायचा. अपघात झाला तर? जखमीला दवाखान्यात पोचवायचं, पळायचं नाही. माझ्याबरोबर त्या चौघीजणीही तयार झाल्या.

परीक्षेला संगणकासमोर बसले. पंधरा प्रश्न, पास व्हायला नऊ बरोबर हवेत. मी अक्षर लावून वाचते, पण सावकाश. 'समपार', 'अनिवार्य', 'प्रतिबंधित' हे शब्द लावेपर्यंत पुढचा प्रश्न हजर. सात बरोबर आले. "साहेब, एकदा तोंडी विचारा," म्हटलं. "तशी सोय नाही." बाहेर एजंट म्हणाला, "मावशी, कशाला डोकं शिणवता? पैसे द्या, काम होतंय." नियम पाठ असलेली बाई नापास, आणि पैसे देणारा पास!

२०२१ पासून शिकाऊ लायसनची परीक्षा आधारवर घरबसल्या देता येते. सोय चांगली. पण घरात बाईच्या नावानं बटणं कोण दाबतं, हे आपल्याला ठाऊक नाही का? कुणाचा भाचा, कुणाचा नवरा. बाईला काही न येता लायसन मिळतं. रस्ता यानं सुरक्षित होतो?

"निरक्षर माणसाला पाट्या वाचता येत नाहीत, तो इतरांना धोका," असं काहीजण म्हणतात. राजस्थान उच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये अशीच भूमिका घेतली. पण धोक्याच्या पाट्या मुळात चित्रांच्या आहेत. वेगानं जाणाऱ्याला अक्षरं वाचायला सवड नसते, म्हणूनच त्या तशा केल्या. आणि त्याच २०१९ साली केंद्र सरकारनं व्यावसायिक वाहनांसाठीची आठवी पासची अट नियमातून काढून टाकली. मग कागदावरून काढलेली अट संगणकाच्या पडद्यावर का उरावी?

साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण आठवा. माण तालुक्यातल्या बाया बँक काढायला निघाल्या, तेव्हा अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवानगी नाकारली. बाया सही शिकल्या, चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर न घेता करून दाखवावा. १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही, हा समज त्यांनी तिथंच मोडला.

साक्षरता नको असं मी म्हणत नाही. रात्रीच्या वर्गाला मीही जाते. पण वाचायला शिकेपर्यंत बाईनं मागच्या सीटवरच बसून राहायचं का? विनालायसन चालवली तर दंड तिलाच. अपघात झाला तर विम्याच्या भरपाईचा घोळही तिच्याच गळ्यात.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. सातारा, कऱ्हाड, सांगली, सगळ्या परिवहन कार्यालयांत प्रत्येक संगणकाला कानातलं यंत्र लावा. प्रश्न आणि पर्याय बोलीच्या जवळच्या मराठीत ऐकवा, पुन्हा ऐकायचं बटण ठेवा. सरावाचं ध्वनिमुद्रण सरकारनं फुकट द्यावं. आणि ही सोय मेहेरबानी म्हणून नको, हक्क म्हणून हवी.

याच दोन जिल्ह्यांत परित्यक्ता बायकांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागितलं, तेव्हाही लोक हसले होते. लायसन हाही स्वतःच्या नावाचा कागद आहे. गटागटात नियम ऐकायला बसा, एकमेकींना प्रश्न टाका, आणि अर्ज घेऊन एकेकटीनं न जाता दहाजणी मिळून जा. मी पुन्हा जाणार आहे. या खेपेला त्या चौघीही बरोबर आहेत.