पाऊण माणूस सॉफ्टवेअरचा

‘‘सैराटसारखं स्लो मोशन करून दे ना बे.’’ २०१६ पासून ही मागणी काही थांबत नाही. मी नागपुरात दिवसा कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांचे व्हिडिओ एडिट करतो, म्हणून ती माझ्याकडेही येते. मागणाऱ्याला वाटतं, संथपणा म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर. हा समज सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या फायद्याचा आहे, आणि तो खोटा आहे.

‘याड लागलं’मध्ये परश्या धावत येऊन विहिरीत झेपावतो, ते आठवा. असं दृश्य टिपायचं तर कॅमेराच जास्त वेगानं चालवावा लागतो. सेकंदाला १०० फ्रेम्स टिपायच्या आणि २५च्या गतीनं दाखवायच्या. एका सेकंदाचे चार होतात, पण प्रत्येक फ्रेम घडलेली असते. याची किंमत उजेडात मोजावी लागते. शटर १/५० वरून १/२०० वर गेलं की चौपट प्रकाश हवा. नागपूरच्या मे महिन्यात तो भरदुपारी फुकट मिळतो. रात्री मंगल कार्यालयात मिळत नाही. वर स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, ते साध्या डोळ्याला कळत नाही, पण संथ चित्रात लखलख दिसतं. म्हणून कुठला क्षण लांबवायचा, हे आधी ठरवावं लागतं. नागराज मंजुळे आणि छायाचित्रणकार सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ते टाइमलाइनसमोर बसून ठरवलं नसणार. आणि याच सिनेमाच्या शेवटी, सगळ्यात जड क्षणी, मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. तो इफेक्ट मात्र कुणी मागत नाही!

आता सॉफ्टवेअर काय करतं? २५ फ्रेम्सचा तुकडा चौपट संथ करायला सांगितला की ‘ऑप्टिकल फ्लो’ दोन फ्रेम्समधला प्रत्येक ठिपका कुठून कुठं गेला असेल याचा अंदाज बांधतो आणि मधल्या तीन फ्रेम्स स्वतः रंगवतो. पडद्यावरच्या १००पैकी ७५ फ्रेम्स कॅमेऱ्यानं कधी पाहिलेल्याच नसतात. चालणारी गाडी, सरकणारे ढग, तिथं हे खपतं. पण एक हात दुसऱ्यावरून गेला, धूळ उडाली, पाणी फुटलं की अंदाज फसतो आणि बोटं मेणासारखी वितळतात.

एका मित्रानं वरातीत नाचणाऱ्या आपल्या आजीचा नऊ सेकंदांचा तुकडा आणला. आजी आता नाही. चौपट संथ केल्यावर तिचा पदर गालात शिरला आणि हसताना तिच्या तोंडात भलतेच दात उगवले. ‘‘एआयवालं टूल लाव,’’ तो म्हणाला. लावलं. दात सुरेख आले. आजीचे नव्हते.

‘गरिबांनी काय महागडे कॅमेरे घ्यायचे?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात. अहो, तुमच्या खिशातला फोन बहुधा सेकंदाला १२० फ्रेम्स टिपतो, कित्येक तर २४०. बटण तिथंच आहे. अडचण पैशाची नाही, क्षण येण्याआधी मन लावून उभं राहण्याची आहे. ‘आधी शूट करू, मग बघू’ ही सवय आमच्या धंद्यातही आहे. तिथं निदान बग दुरुस्त करता येतो.

मित्राला मी आजीचे नऊ सेकंद मूळ गतीनं परत दिले. तो नाराज झाला. त्याच्या आईनं मात्र फोन केला आणि विचारलं, मागे वाजणाऱ्या बँडचा आवाज थोडा मोठा करता येईल का? तो करून दिला.