दिसायला सारख्या दोन बोटी

उन्हाळा आला की मिनेसोटा-मिशिगनकडे, म्हणजे अमेरिकेच्या तळ्यांच्या मुलुखात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत बोटीचा विषय निघतो. भारतातून अम्मी-अब्बा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते. शोरूममध्ये दोन पाँटून बोटी शेजारी उभ्या. दोन्ही 22 फुटी, तेच गुबगुबीत सोफे, तेच कापडी छत. किमतीत मात्र बराच फरक. विक्रेता सोफ्यांची तारीफ करतो. तुम्ही खाली वाकून पाहा.

पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब, बंद नळ्यांवर बसवलेला सपाट फलाट. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्या ॲम्ब्रोस वीअर्स या शेतकऱ्याने पोलादी पिंपांवर लाकडी फळ्या ठोकून अशी बोट केली, तेव्हापासून कल्पना तीच आहे. बोट तरते ती नळ्यांवर, म्हणून पहिला प्रश्न नळीच्या जाडीचा. एका बोटीची नळी 23 इंच व्यासाची आणि दुसरीची 25 इंच, तर फरक दोनच इंचांचा वाटतो. पण लांबी सारखी असली तर जाड नळी सुमारे 18 टक्के जास्त वजन पेलते. घरात माणसे भरपूर असतील तर जादा पैसे इथे द्यावेत, चहाचा कप ठेवायच्या खोबणीसाठी नव्हे. नळीच्या आत वेगवेगळे बंद कप्पे आहेत का, हेही विचारा. एका जागी भोक पडले तर पाणी तेवढ्याच कप्प्यात शिरते.

मग क्षमतेची पाटी वाचा. तिच्यावर माणसांची संख्या असते आणि वजनही असते. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी भरेल ती पाळायची. आपल्याकडे सहलीला निघायचे म्हणजे बिर्याणीचे पातेले, बर्फाची पेटी, सतरंज्या आणि ऐन वेळी येणारे दोन पाहुणे! ‘बारा माणसे’ लिहिले आहे म्हणून बारा माणसे आणि हा सगळा पसारा त्यात बसेलच असे नाही. आणि काही पाहायला सगळे एकदम पुढे धावले तर नाक खाली जाऊन पाणी फलाटावर येऊ शकते.

लहान मुले असलेल्यांनी पुढचे फाटक हलवून पाहावे. कडी पक्की हवी, कठड्याखाली फट मोठी नको. चालत्या बोटीत कठड्याबाहेर पुढच्या काठावर पाय सोडून बसू देणे फार धोक्याचे आहे. तिथून पडलेले मूल दोन नळ्यांच्या मधून थेट मागच्या पंख्याकडे जाते. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचेच घ्या, मोठ्यांचे जॅकेट त्याच्या डोक्यावरून निसटते.

तीन नळ्यांची बोट लाटांत जास्त स्थिर असते आणि मोठे इंजिन पेलते, पण ती महाग आणि ओढून न्यायला जड. शांत तळ्यात दादीजानना संथ फेरी मारायची तर दोन पुरेत.

तिकडे बोटी सहसा लांब मुदतीच्या कर्जावर घेतल्या जातात. व्याज टाळायचे असेल तर चांगल्या नळ्यांची जुनी बोट रोखीने घेणे बरे. त्याआधी तशीच बोट अर्धा दिवस भाड्याने घ्या, घरातली सगळी माणसे बसवा, आणि धक्क्यावरून आत पाय टाकताना दादीजानना कोणाचा हात धरावा लागतो का ते बघा.