बिनकांटेरी निवडुंग आणि चाऱ्याची बेगमी

घोडेगांवचा जनावरांचा बाजार आमच्या वाचकांस परिचित आहेच. पाऊसकाळ चांगला झाला म्हणजे ह्या बाजारांत घेणारे अधिक असतात. आभाळ कोरडें गेलें कीं विकणारे वाढतात. दावणीचीं दुभतीं जनावरें पडेल त्या किंमतीस जातात आणि पुढें पाऊस झाल्यावर चढ्या किंमतीनें नवीं घ्यावीं लागतात. पीक बुडालें तर एक हंगाम जातो. गोठा मोडला तर अनेक वर्षांची कमाई जाते. म्हणून दुष्काळाचा विचार करतांना चाऱ्याचा विचार आधीं झाला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९७२ सालचा दुष्काळ वडील मंडळींस आठवतो. २०१९ सालीं तर आपल्या जिल्ह्यांत शेंकडों छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी उपकारक खरी. परंतु ती संकट आल्यावर उघडते. मुळेच्या कालव्यावर भिस्त ठेवावी, तर धरण न भरेल त्या वर्षीं उसाचें वाढेंही महाग होतें. तेव्हां पाण्यावांचून शेतांतच उभा राहील असा चारा कोणता, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर बिनकांटेरी निवडुंग हें होय. निवडुंगाचा फडा हें पान नव्हे, तें मांसल खोड आहे. ह्या वनस्पतीचीं सूक्ष्म छिद्रें दिवसां मिटलेलीं असतात व रात्रीं गारव्यांत उघडतात. त्यामुळें तिच्यांतील पाणी फारसें उडून जात नाहीं. फड्याच्या १०० भारांत सुमारें ८५ ते ९० भार पाणीच असतें. उन्हाळ्यांत जनावरास चारा व पाणी ह्या दोहोंची वाण असते; फडा दोहोंस थोडाथोडा हातभार लावतो. ब्राझील देशाच्या ईशान्येकडील अवर्षणी मुलुखांत दुभत्या गाईंस हा चारा लाखो हेक्टरांवर लावून पोसतात. आपल्याकडे फलटणची निंबकर कृषि संशोधन संस्था व उरुळी कांचनची बाएफ संस्था ह्यांनीं त्यावर काम केलें आहे.

निवडुंगाचें नांव काढतांच पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतील, आणि तें गैर नाहीं. जुन्या कांटेरी फड्या निवडुंगानें एके काळीं गांवांचीं पांढरी व गायरानें व्यापिलीं होतीं. १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून किरमिजी किडा दक्षिण हिंदुस्थानांत आणिला गेला आणि त्यानें थोड्याच वर्षांत तीं बेटें मोडून काढलीं. बिनकांटेरी जात निराळी आहे. तिला कांट्यांचें संरक्षण नसल्यानें मोकाट गुरेंच ती वाढूं देत नाहींत. कुंपण नसेल तेथें ती लावणेंच व्यर्थ. खरी धास्ती उलट बाजूस आहे. ज्या किड्यानें आपली पीडा घालविली, तोच ह्या नव्या जातीचाही शत्रू आहे. मोरोक्को देशांत २०१४ सालीं तो दिसून आला व त्यानें तेथील निवडुंगाच्या बागा उध्वस्त केल्या. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतांच ते फडे कापून जाळावेत.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. निवडुंग म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यांत प्रथिनें थोडीं असतात; नुसता घातल्यास जनावरास पातळ शेण होतें. पाणी वजा जातां जो भाग उरतो, त्या हिशेबानें रोजच्या खाद्याचा सुमारें तिसरा हिस्सा निवडुंग असावा. बाकी कडबा व थोडी पेंड असलीच पाहिजे. जो कोणी निवडुंगावर सर्व गोठा पोसण्याचें आश्वासन देईल, त्यावर विश्वास ठेवूं नये.

लावणी सोपी आहे. पक्व फडा कापून आठ-पंधरा दिवस सावलींत ठेवावा, म्हणजे कापलेली जखम सुकते. मग त्याचा खालचा भाग मातींत जाईल असा उभा लावावा. पाणी सांचणाऱ्या काळ्या रानांत तो कुजतो. मुरमाड उतार किंवा पडीक माळ त्यास मानवतो. वर्ष-दोन वर्षें जाऊं द्यावींत, आणि पुढें कापणी करतांना मूळचे फडे राखावेत.

तात्पर्य, ज्या सभासदांपाशीं पडीक तुकडा व कुंपणाची सोय आहे, त्यांनीं पांच-दहा गुंठे ह्या कामीं घालावेत. चांगल्या पिकाची जमीन मात्र ह्यापायीं अडवूं नये. लावणी करावयाची ती पाऊस बरा आहे त्याच वर्षीं. दुष्काळ दाराशीं आल्यावर लाविलेला फडा त्या दुष्काळांत उपयोगीं पडत नाहीं. पेव सुगींत भरावें लागतें, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. चाऱ्याचेंही तसेंच आहे.