शब्द नंतर आले म्हणून काय झालं?

एखाद्या गाण्याबद्दल 'चालीवर लिहिलंय' असं आपण म्हणतो, तेव्हा ते कौतुक नसतं. कवीने आधी लिहायचं, संगीतकाराने मग चाल लावायची. क्रम उलटला की कवी मजूर झाला, अशी आपली समजूत. ती मला साफ चुकीची वाटते. ती मोडायला अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटेकरचं 'स्लीप' हे समूहगान पुरेसं आहे.

झालं असं. टेक्सासमधल्या एका गायिकेचे आईवडील ५० हून अधिक वर्षांच्या संसारानंतर काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्यांच्या स्मरणार्थ तिने व्हिटेकरला रचना करायला सांगितली. शब्द ठरले रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग'चे, कारण ती तिची आवडती कविता. २००० साली ऑस्टिनमध्ये रचना गायलीही गेली. पण फ्रॉस्टच्या साहित्याचे हक्क सांभाळणाऱ्यांनी परवानगी नाकारली. १९६३ साली गेलेल्या कवीच्या नावाने असा नकार देणं मला पटत नाही, पण कायदा त्यांच्या बाजूने होता. संगीत तयार आणि गायला शब्द नाहीत. तेव्हा व्हिटेकरने त्याचा कवीमित्र चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्रीला गळ घातली: याच सुरांवर बसेल अशी नवी कविता दे.

अट किती कडक होती पाहा. फ्रॉस्टची कविता चार कडव्यांची. ओळ आठ अक्षरांची, एक हलकं, एक जोरकस अशी चालणारी. सूर त्याच आघातांवर बेतलेले. म्हणजे नव्या ओळीतही आघात तिथेच पडायला हवा, श्वास तिथेच घेता यायला हवा. शेवट तर आणखी अवघड. फ्रॉस्टच्या कवितेचा अखेरचा शब्द 'स्लीप', आणि व्हिटेकरचं संगीत त्यावर पुन्हापुन्हा येत विरून जातं. समूहाला लांबवता येतो तो स्वर. व्यंजन क्षणात संपतं. 'स्लीप'मधला दीर्घ 'ई' हवा तितका धरता येतो आणि 'प'वर ओठ मिटतात. सिल्व्हेस्ट्रीने हा शब्द राखला, पण बर्फाळ रानात थबकलेला प्रवासी वगळला. त्याची कविता झोपेच्या उंबरठ्यावरच्या माणसाची आहे: स्वप्नांची धास्ती, आणि तरीही मिटणारे डोळे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. चालू यंत्रणेतला एक भाग काढून, बाकी कशालाही धक्का न लावता दुसरा बसवणं हे कोऱ्या पानावर लिहिण्यापेक्षा सोपं असतं, असं म्हणणाऱ्याने ते एकदा करून पाहावं.

'मग कुठलेही शब्द चालले असते की!' नाही. आठ अक्षरं कोणीही मोजेल. पण त्या सुरांमध्ये आधीच असलेली थकवा आणि शांती यांची सरमिसळ ऐकून तिला साजेसं सांगणं, हे कवीचंच काम. व्हिटेकरने फ्रॉस्टची कविता बारकाईने वाचून सूर लिहिले; सिल्व्हेस्ट्रीने ते सूर तितक्याच बारकाईने वाचून कविता लिहिली.

हे काम संगीतकाराला फक्त अडचणीपुरतं नको होतं. फ्रॉस्टची कविता हक्कमुक्त झाली तरी आपण तिच्याकडे परतणार नाही, असं व्हिटेकरने आधीच जाहीर केलं होतं. १९२३ची ती कविता अमेरिकेत २०१९ साली मुक्त झाली. त्याआधी, २०११ साली, ५८ देशांतल्या २,००० हून अधिक गायकांनी घरबसल्या चित्रित केलेले आवाज जोडून 'स्लीप' ऐकवलं गेलं, ते सिल्व्हेस्ट्रीच्याच शब्दांत.

आणि आपण तरी कुठल्या तोंडाने नाक मुरडतो? जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून आधीच्या एखाद्या गाण्याचा उल्लेख असतो. ती पदं चालीवर लिहिली म्हणून आपण फेकून दिली नाहीत. उलट नाट्यसंगीत म्हणून मिरवली.

तेव्हा एखादं गाणं रटाळ वाटलं तर कुठली ओळ रटाळ, कुठे आघात चुकला, कुठे गायकाचा श्वास मोडला, ते सांगा. शब्द नंतर आले, ही टीका होऊ शकत नाही.