प्रत, पाठ आणि एमपी-थ्री

ध्वनिमुद्रणांचा संग्रह एका प्रकारच्या फायलींतून दुसऱ्या प्रकारात नेणे हे आपल्याकडे संगणकावरचे घरकाम समजले जाते. रात्री काम लावून झोपावे, सकाळी हजारभर फायली नव्या रूपात हजर. मग जुन्या पुसून टाकायच्या, म्हणजे जागा मोकळी होते. आक्षेप आहे तो ह्या पुसून टाकण्याला. रूपांतर ही संपादनाची कृती आहे, आणि पाठचिकित्सा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना तरी हे वेगळे सांगावे लागू नये. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा नव्या पोथ्या हाती आहेत म्हणून जुन्या कोणी जाळल्या नाहीत.

थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. सीडीवर ध्वनी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. तासाभराचे गायन सुमारे ६३५ मेगाबाइट जागा व्यापते. तेच गायन १२८ किलोबिटांच्या एमपी-थ्रीत ५८ मेगाबाइटांत बसते, कारण माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही असे गणिताला वाटते, ते सारे गाळले जाते: मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज, फार वरचे स्वरांश. गाळणी हुशार आहे ह्यात शंका नाही. तिच्या घडणीच्या काळात कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ह्यांनी सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेले गाणे कसोटीला लावले होते. तंबोरा मात्र ह्या गाळणीला अवघड जातो. जवारीचे सौंदर्य बारीक, वरच्या स्वरांशांच्या गुंफणीत असते आणि कमी बिटांत पहिली कात्री तिथेच लागते. तबल्याच्या थापेआधी क्षणभर एक धुरकट पूर्वछाया ऐकू येते, तीही ह्याच काटकसरीची खूण. ऐकण्यापुरती, जास्त बिटांची एमपी-थ्री चांगलीच असते; तिथे उगाच सोवळे पाळण्यात अर्थ नाही. पण तिच्यापासून एएसी किंवा ऑग बनवणे म्हणजे गाळलेले पुन्हा दुसऱ्या चाळणीतून गाळणे. प्रत्येक फेरीत नवे काहीतरी जाते आणि आधी गेलेले परत येत नाही.

ह्याउलट २००१ साली आलेले फ्लॅक काहीच गाळत नाही. आकार बराच घटतो, पण उलगडल्यावर मूळ बिट जसेच्या तसे मिळतात. ह्या प्रतिष्ठेतूनच एक नवी लबाडी जन्मली आहे. एमपी-थ्रीचे फ्लॅक करून ते ‘अस्सल’ म्हणून वाटले जाते. संतकवीची नाममुद्रा घालून मागाहून कोणी रचलेला अभंग गाथेत शिरावा, तसा हा प्रकार. आलेख काढला तर वरच्या कंप्रतांचा कडा तुटल्यासारखा दिसतो आणि बिंग फुटते. पण आलेख काढतो कोण? मूळच एमपी-थ्री असेल तर ती एमपी-थ्री म्हणूनच ठेवणे हे अधिक प्रामाणिक. २०१७ साली फ्राउनहोफर संस्थेने एमपी-थ्रीचे परवाने देणे थांबवले, तेव्हा काही माध्यमांनी ‘एमपी-थ्री मेली’ असे जाहीर केले होते. प्रत्यक्षात पेटंटांची मुदत संपून ती सर्वांसाठी मोकळी झाली होती. त्या भीतीपोटी संग्रह बदलण्याचे काहीच कारण नव्हते.

ध्वनीइतकीच, किंबहुना अधिक, हानी होते ती फायलीला जोडलेल्या माहितीची. एमपी-थ्रीच्या जुन्या आयडी-थ्री नोंदीत शीर्षकाला ३० आणि कलाकाराला ३० अक्षरे, तीही रोमन. संगीतप्रकारांच्या मूळ ८० नावांत पोल्काला जागा होती, ख्यालाला नव्हती. राग, बंदिश, ताल, लय एवढे सगळे ‘शीर्षक’ नावाच्या एका खणात कोंबायचे. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, मैफल कुठली, हे कुठे लिहायचे? पुढच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय झाली, आणि फ्लॅकमध्ये तर ‘राग’ नावाचा खणसुद्धा आपण स्वतः निर्माण करू शकतो. पण रूपांतर करणाऱ्या कित्येक प्रणालींना हा खण ओळखीचा नसतो आणि त्या तो निमूटपणे टाकून देतात. विलंबित आणि द्रुत अशा दोन फायली असतील तर निष्काळजी रूपांतरात मध्ये शांततेचा एक तुकडा घुसतो आणि तंबोरा तुटतो, तो निराळाच.

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गायसबर्ग ह्यांनी गौहर जान ह्यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताना त्या स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. नोंद ध्वनीतच असल्यामुळे कुठल्याही रूपांतरात ती हरवली नाही. (खरखर काढण्याच्या उत्साहात कोणी शेवटचे ते सेकंदच कापले, तर गोष्ट वेगळी.)

आपल्या घरोघरच्या कॅसेटींना हे भाग्य नाही. १९७०-८०च्या दशकांतल्या खाजगी बैठकींची जी मुद्रणे आज फायलींच्या रूपात फिरतात, त्यांतल्या पुष्कळांवर गायकाचे नाव आणि राग, एवढेच लिहिलेले असते. साथीला कोण होते, हे फक्त त्या बैठकीला हजर असलेल्यांना ठाऊक, आणि ते श्रोते आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांच्याकडून मिळेल ती माहिती एका साध्या मजकुराच्या फायलीत, देवनागरीत, ध्वनीच्या शेजारीच लिहून ठेवावी. रूपांतर पुढच्या वर्षीही करता येते.