जिवंत माणसाला पुष्पचक्रे

दक्षिण कोरियात कोणी वारले की आप्तेष्ट आणि संस्था पांढऱ्या शेवंतीची उंच पुष्पचक्रे पाठवतात. त्यांच्या फितींवर शोकाचे चार शब्द आणि पाठवणाराचे नाव असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोल शहरातील एस. एम. एंटरटेनमेंट या कंपनीच्या कार्यालयापुढे अशी शेकडो पुष्पचक्रे ओळीने उभी राहिली. मृत्यू मात्र कोणाचाच झाला नव्हता. राइझ या गायकवृंदातील सुंगहान हा २१ वर्षांचा तरुण वृंदात परत येणार, असे कंपनीने ११ तारखेला जाहीर केले होते. ते न रुचलेल्या चाहत्यांनी ही फुले धाडली होती. दोनच दिवसांनी, १३ तारखेला, तो वृंद सोडत असल्याची घोषणा झाली.

त्याचा अपराध काय? रंगमंचावर पदार्पण करण्यापूर्वीची त्याची काही खाजगी छायाचित्रे बाहेर फुटली होती. त्यांत तो एका मुलीबरोबर होता. नोव्हेंबर २०२३ पासून जवळजवळ वर्षभर त्याला त्यासाठी बाजूला बसवले गेले, आणि तेवढे प्रायश्चित्तही पुरेसे ठरले नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, याच कंपनीच्या एस्पा या वृंदातील करीना हिने स्वहस्ताक्षरात माफीपत्र लिहून प्रसिद्ध केले. ती एका अभिनेत्याच्या प्रेमात पडल्याची वार्ता खरी ठरली होती, एवढेच. कंपनीच्या दारात चाहत्यांनी विजेच्या फलकाचा एक ट्रक आणून उभा केला होता. आमचे प्रेम तुला अपुरे पडले काय, असा त्यावर सवाल होता, आणि माफी न मागितल्यास अल्बमांचा खप घटेल व खुर्च्या रिकाम्या राहतील अशी तंबीही होती. ज्यांच्यावर आपण प्राण ओवाळून टाकतो असे हे लोक म्हणतात, त्यांनी प्रेमात पडण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावयाची! हे वर्तन लाजिरवाणे आहे, जिवंत माणसाच्या दारी पुष्पचक्र धाडणे तर सरळसरळ क्रौर्य आहे, आणि करणारांना त्याची लाज वाटली पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

परंतु हा सारा प्रकार तरुण पोरींचे वेड म्हणून निकालात काढण्याची जी सुशिक्षितांची रीत आहे, ती मला मान्य नाही. (पडद्यावरील नायकाच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमेला दुधाचा अभिषेक घालणाऱ्या देशात ही रीत विशेष शोभतही नाही.) ट्रकावरील त्या मजकुरात वेड कमी आणि हिशेब अधिक आहे. खप घटेल ही भाषा ग्राहकाची, किंबहुना भागधारकाची आहे. ती चाहत्यांच्या तोंडी आली कोठून?

ती विक्रीच्या पद्धतीतून आली. तेथील अल्बम ही आता ऐकण्याची वस्तू राहिलेली नाही. प्रत्येक पाकिटात वृंदातील एखाद्या गायकाचे फोटोकार्ड असते, पण कोणाचे ते पाकीट फोडल्यावाचून कळत नाही. हवे ते कार्ड मिळेपर्यंत तोच अल्बम पुनःपुन्हा घ्यावा लागतो. गायकाला समोरासमोर भेटण्याच्या कार्यक्रमाला प्रवेश सोडतीने मिळतो, आणि एक अल्बम म्हणजे एक चिठ्ठी. कोरियाच्या ग्राहक संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ५२.७ टक्के चाहत्यांनी अशा कार्डादी वस्तू जमवण्यासाठी अल्बम घेतल्याचे सांगितले. सीडीवर संगीत ऐकणारे अवघे ५.७ टक्के निघाले. त्या वर्षी ११ कोटींहून अधिक अल्बम खपले. त्यांतील पुष्कळ परदेशी गेले असणार, तरी ज्या देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत आहे तेथील हा आकडा आहे. मनोरंजन कंपन्यांचा सीडींसाठीचा प्लास्टिकचा वापर २०१७ मध्ये ५५.८ टन होता, तो २०२२ मध्ये ८०१.५ टनांवर गेला. २०२४ मध्ये तोक्योच्या शिबुया भागात रस्त्याच्या कडेला नव्याकोऱ्या अल्बमांचे खोकेच्या खोके टाकून दिलेले आढळले. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद वर्गात समजावून देताना मी वर्षानुवर्षे पाणी आणि हिरा यांचा जुनाच दाखला देत असे. तो आता निवृत्त करावयास हरकत नाही.

पैशापेक्षाही अधिक काही चाहत्याकडून घेतले जाते, ते म्हणजे श्रम. गीत क्रमवारीत चढावे म्हणून अहोरात्र ते वाजवत ठेवणे, परभाषांत अनुवाद करणे, लाडक्या गायकाच्या वाढदिवशी वर्गणी काढून सोलच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जाहिराती लावणे, ही कामे चाहते विनावेतन करतात. वर त्यांना मालकीचा आभास दिला जातो. २०१६ ते २०१९ या काळात गाजलेल्या ‘प्रोड्यूस १०१’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत प्रेक्षकांना ‘राष्ट्रीय निर्माते’ असे संबोधले जाई, आणि वृंद कोणाचा बनवायचा ते त्यांच्या मतांनी ठरते असे सांगितले जाई. पुढे मतमोजणीत लबाडी झाल्याचे उघडकीस आले आणि २०२० मध्ये कार्यक्रमाच्या प्रमुख निर्मात्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. मते खोटी ठरली तरी मतदाराच्या मनात रुजवलेली मालकी खरीच राहिली. ज्याला निर्माता म्हणून गौरवले, तो उद्या माल पसंत नाही म्हणून परत करू लागला तर कंपनीने आश्चर्य कशाचे करावे? आणि ती आश्चर्य करतही नाही. ती त्या तरुणाला परत करून मोकळी होते. सुंगहानला २०२५ मध्ये याच कंपनीने एकल गायक म्हणून पुन्हा बाजारात आणले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग हा गायक आहे तरी कोण? सुंगहान बाहेर पडला त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, न्यूजीन्स या वृंदातील हन्नी ही तरुणी कोरियन राष्ट्रीय सभेच्या समितीपुढे कामाच्या जागी होणाऱ्या छळाविषयी साक्ष द्यावयास गेली. नोव्हेंबरात श्रम खात्याने त्या संबंधीची तक्रार निकाली काढली. कामगार कायद्याच्या अर्थाने ती कामगार नाही, ती आणि कंपनी हे कराराचे समान पक्ष आहेत, असा निर्वाळा मिळाला. पोरवयात करारावर सही करणारी मुलगी आणि भांडवल बाजारात नोंदलेली कंपनी समान पक्ष! कामाचे तास ठरलेले नाहीत म्हणून कामगार नाही, हा युक्तिवाद तर गिरणीमालकांच्या वकिलांनाही सुचला नसता. कंपनी तिला कामगार मानत नाही आणि चाहता तिला माणूस मानत नाही. एकाला ती भागीदार वाटते, दुसऱ्याला मालमत्ता.

याच चाहत्यांचे दुसरे रूपही त्याच हिवाळ्यात दिसले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला. पुढच्या दिवसांत राष्ट्रीय सभेपुढे कडाक्याच्या थंडीत जे लोक जमले, त्यांत तरुण मुली फार मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या हातांत मेणबत्त्यांऐवजी आपापल्या आवडत्या वृंदाचे विजेचे दिवे होते. घोषणांच्या मध्ये त्या लोकप्रिय गाणी म्हणत होत्या. अनोळखी निदर्शकांना गरम कॉफी मिळावी म्हणून लोकांनी उपाहारगृहांत आगाऊ पैसे भरून ठेवले होते. १४ तारखेला महाभियोगाचा ठराव संमत झाला. रांगा लावणे, वर्गणी जमवणे, तासन्‌तास एका सुरात ओरडणे, हे सारे शिक्षण या मुलींना गाण्यांच्या कार्यक्रमांतच मिळाले होते. अशा समूहाला मतिमंद समजण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांची संघटनशक्ती आपल्याकडील कित्येक युवक संघटनांनी हेवा करावा अशी आहे.

म्हणूनच त्यांच्याकडे एक जुनी गोष्ट मागावीशी वाटते. २००९ मध्ये कोरियाच्या स्पर्धा आयोगाने कलावंतांसाठी नमुना करार प्रसिद्ध केला आणि मुदतीवर सात वर्षांची मर्यादा घातली. त्याच वर्षी तोंगबांगशिन्गी या वृंदातील तिघे गायक तेरा वर्षांच्या करारातून सुटण्यासाठी न्यायालयात गेले. प्रतिवादी हीच एस. एम. एंटरटेनमेंट कंपनी होती. त्या वेळी चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढून निवेदन दिले होते, आणि ते गायकांच्या बाजूने, कंपनीच्या कराराविरुद्ध होते.